एअर व्हॉल्व्ह

पहाटे तीनला जाग येते.
आधी ड्यूटीमुळे यायची,
आता चावी दुसऱ्याच्या खांद्यावर आहे, तरी येते.
अठ्ठावीस वर्षं मी पाणी सोडलं
गिट्टीखदान साडेचार, बोरगाव पाच,
जाफरनगर सहाला पाच कमी.
कुठल्या गल्लीत किती फुटांवर लाईन गेली
हे नकाशा न बघता सांगेन.
पण मार्चपासून माझ्या छातीत काय अडलंय,
ते नाही.

कुणी मेलं नाही.
पोरगी बुटीबोरीत नोकरीला लागली, पेढे वाटले.
तरी शर्टाची एक गुंडी लावायला
अर्धा अर्धा तास पलंगाच्या काठावर.
रत्नमाला विचारायची, "काहून बसून राह्यले असे?"
काहून.
हेच तर.

मेडिकलच्या डॉक्टरनं गोळी दिली, पांढरी, अर्धी.
झोप आली. गुंडी लागायला लागली.
घशातलं मात्र हललं नाही.
मग साळ्यानं पत्ता दिला: धंतोली, दुसरा माळा,
गजघाटे मॅडम, चिनी सुया.

मॅडमनी आधी जीभ पाहिली,
मग तीन बोटं मनगटावर, उजव्या, डाव्या,
इतका वेळ की मला हसू आलं.
आम्हीही असंच करतो, म्हटलं,
रात्री सळईचं एक टोक पाइपाला, दुसरं कानाला,
गळती ऐकू येते.
"मग मला ऐकू द्या," त्या म्हणाल्या.

घशात काय वाटतं?
बोराची आठोळी. गिळता येत नाही, थुंकता येत नाही.
"चिनी वैद्य शेकडो वर्षं हेच सांगून राह्यले,
फक्त त्यांची बी आलुबुखाऱ्याची.
ते म्हणतात, यकृताचं काम वाहतं ठेवणं.
तुमचं तुंबलं. जे तुंबलं त्याला ते ची म्हणतात,
आपल्यात त्याला..."
हवा, मी म्हणालो.
लाईनीत हवा भरली की टाकी काठोकाठ असूनही
नळ नुसता फुसफुसते.
लोक शिव्या देतात, पाणी संपलं म्हणून.
पाणी कुठंच गेलेलं नसते, मॅडम.

त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली, क्षणभर.

एक पायाच्या अंगठ्याशेजारच्या खळगीत.
एक मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला:
ते याला मनाचं दार म्हणतात.
एक टाळूवर, जिथं शंभर वाटा भेटतात
(मला व्हेरायटी चौक आठवला, आणि सिग्नल बंद).
"आणि तीन वाजता?"
"ती वेळ फुप्फुसाची. शोकाची, म्हणतात."
पण मला शोक कशाचा?
"सांगेल तो. नाहीही सांगणार.
मेडिकलची गोळी सोडू नका.
दोन्ही लाईनी चालू ठेवा."

निघताना कागदाची पुडी दिली. उघडली तर
संत्र्याची साल, वाळून काळपट झालेली.
काढ्यात टाका, जितकी जुनी तितकी गुणाची,
चीनमध्ये वर्षानुवर्षं जपतात.
आणि मी, नागपूरचा माणूस,
उभ्या जन्मात हीच सालं
चेंबरच्या झाकणावरून बुटानं बाजूला सारली.

सहाव्या वेळी, सुया टोचलेल्या,
मला ढेकर आली.
लांब, बेशरम, पडद्यापलीकडची बाई दचकली असेल.
आणि तिच्या मागोमाग रडू,
कुणासाठी ते न सांगता,
गंजकट, गढूळ, थांबून थांबून.
मॅडम आत आल्या नाहीत.
पहिलं पाणी वाहू द्यायचं असतं,
बादली लावायची नसते,
हे मीच लोकांना सांगत आलो.

तरी परवा दिवसभर अंघोळ केली नाही.
काल केली.

आज पुन्हा तीन.
गच्चीवर सुपात यंदाची सालं वाळताहेत,
एक उचलून वास घेतो, ठेवतो.
खाली अंधारात कुठंतरी व्हॉल्व्ह फिरतो,
नवा पोरगा आहे, जरा घाईनं उघडतो,
पाइप आधी खोकते.
रत्नमाला झोपेतच विचारते,
"आले का नळ?"
येऊन राह्यले, मी म्हणतो.
येऊन राह्यले.