छप्पन्न ठिपके

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं, खानापुरात.
चहा दोनदा, दुपारी आमटी-भात,
आणि एकच सूचना, दोन भाषांत :
उत्तर सांगायचं नाही.
मूल आपलं आपण शोधेल.

म्हणून मी सांगत नाही.
मलप्रभा पाटीवर ठिपके काढते,
सातसात ठिपक्यांच्या आठ ओळी.
तिसरी ओळ वाकडी जाते,
थुंकी लावून पुसते, दुसरीतलाही एक जातो.
बाहेर वीटभट्टीचा धूर पत्र्यावरून
नंदगडच्या बाजूला निघालेला.
पंचावन्न, म्हणते ती.
परत बघ की, म्हणते मी.
अठ्ठावन्न.
घंटा होते.

निळी पेटी कपाटात आहे.
मणी, काड्या, रंगीत ठोकळे.
मणी हरवला तर माझ्या नावावर,
म्हणून पेटी साहेब आले की उघडते,
फोटो निघतो,
पेटी मिटते.
पुस्तक आधी कन्नडात, मग आमच्यासाठी मराठीत ;
पानोपानी विचारतं : तुला काय वाटते? गटात बोल.
आमच्या चौथीत मुलं तीन.
गट म्हणजे ती, भरमा,
आणि गुरं घेऊन गेलेला ओमाणा.

खोटं कशाला बोलू,
मला पाढे आले ते मोदगेकर गुरुजींच्या रुळानं.
औटकी अजून तोंडावर आहे,
कशाला शिकले ते आजवर कळलं नाही.
एकोणतीसच्या पाढ्याला एकदा परकर ओला झाला होता.
तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मला धरू नका.

पण शनिवारी भट्टीवरून येत होते.
मलप्रभा बापाशेजारी उभी.
मुकादम मोजत होता, चालता चालता,
सात विटांचा थर, असे आठ.
ऐवत्तु, म्हणाला, आणि पुढं सरकला.
लुमाण्णानं मान डोलावली.
तिनं नाही.
काहीतरी कमी पडलंय, एवढं तिला कळलं होतं.
खाली बसली, मातीत बोटानं ठिपके,
पहिली ओळ, दुसरी,
मुकादम तिसऱ्या ढिगाशी पोचलेला.

तिथं मी सांगितलं.
रस्त्यावरून, मोठ्यानं, रताळ्यांची पिशवी हातात :
सात आठे छप्पन्न!
तो थांबला. हसला.
'होय की बाई, ऐवत्तारु,'
आणि वहीत सहा वाढवले.

सोमवारी मलप्रभानं पाटी पुढं केली नाही.
दप्तरसुद्धा उघडलं नाही.
विचारलं,
बाई, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?