शहाण्णव खळगे

वेंगुर्ल्यात, कॉलेजच्या मागच्या खोलीत
एक इन्क्युबेटर आहे, सदतीस अंशांवर.
त्यात कुणा परक्या बाईच्या आतड्यातल्या पेशी.
बाई कधीच गेली. या वाढताहेत,
दर तीन दिवसांनी नवी बाटली मागतात.
वीज गेली की आधी त्यांच्याकडे धावते मी,
मग घरी फोन.

सोलं जयवंती मेस्त्रीण देते,
उभादांड्याहून, स्कूटरला पिशवी अडकवून.
बिनमिठाची, माझ्यासाठी वेगळी वाळवलेली.
मी दळते, मिथेनॉलात भिजवते, गाळते, आटवते.
चार किलोंतून उरतं
बोटाच्या पेराएवढं काही, तपकिरी, चिकट.

पहिल्या वर्षी निरोगी पेशींना
काही म्हणजे काही झालं नव्हतं.
पेढे वाटले मी.
मग कळलं, तो कोकमाचाच रंग होता;
जांभळं दिसलं की यंत्र त्याला जिवंत समजतं.
तेव्हापासून तीनदा धुते.

या खेपेला सातव्या रांगेत रोगट पेशी मरतात.
तेवढं माणसाने घ्यायचं तर
रोज घागरभर आगळ.
आठव्या रांगेत निरोगीही मरतात.

जयवंती दारात चपला काढून उभी.
"काय म्हणतत तुझे पेशी?"
मरतत, म्हटलं. पण...
"माझो भाव रोज सोलकढी पियाचो. जेवणाक दोन वाट्ये.
तरी तेका आतड्याचोच झालो. तेचा काय?"

मी सांगू लागले, एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे,
हजारो लागतात, वीस वर्षं लागतात,
अर्ध्यांना कोकम, अर्ध्यांना नुसतं तसं दिसणारं पाणी,
आणि शेवटी मोजायचं
ज्यांना काही झालंच नाही त्यांना.
बोलता बोलता माझंच अडलं.
काही न होणं
कुठल्या खळग्यात भरायचं,
कुठला रंग चढायला हवा त्याला?

ती प्लेटकडे बघत राहिली.
"वीस वर्सा," म्हणाली,
आणि चार किलोंचे पैसे मोजून घेतले, सुट्टे परत केले.
जाताना माझे हात पाहिले, स्पिरिटने फुटलेले,
आणि कागदात गुंडाळलेला मुठेलाचा गोळा
वजनकाट्यावरच ठेवून गेली.
काट्यावर आकडा आला: एकेचाळीस पूर्णांक दोन ग्रॅम.
सवयीने वहीत लिहिला, मग खोडला.

सकाळी ग्लोव्ह्ज चढवताना
बोटं आत घसरत होती.