हवा अठरा

नाना पेठेत दुपारी दोनला
सगळी दुकानं अर्धं शटर ओढून पेंगतात,
गुलाबभाई तांबोळींचं मात्र सताड उघडं.
टायरच्या चळतीवर उशी टाकून बसलेले.

कस्तुरीने हेल्मेट काउंटरवर आदळलं.
"मागचा टायर द्या. सुटताना घसरते गाडी.
पहिल्या साठ फुटांतच हरते मी.
पुढे गाठते सगळ्यांना,
पण गाठून काय उपयोग?"

त्यांनी वरच्या फळीवरून एक उतरवला.
परदेशी, रुंद, अंगावर सोनेरी अक्षरं.
किंमत ऐकून मी माझ्याच खिशावर हात ठेवला.
कस्तुरी मात्र त्याच्याकडे बघत होती
दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं कंदिलाकडे बघतात तशी.

बैल घेताना दात बघतात.
टायर घेताना बाजूवरचे चार आकडे.
मी फिरवत फिरवत शोधले:
अकरा, वीस.
वीस सालचा अकरावा आठवडा.

गुलाबभाई गप्प झाले. मीही.
त्यानंतर दोन आठवड्यांत काय झालं
ते या पेठेत कुणाला सांगावं लागत नाही.
तेव्हापासून गोडाऊनच्या अंधारात पडून होता बिचारा.
नख रुतवून पाहिलं, तर नखच वाकलं.
"पडून राहिलं की कडक होतं रबर," मी म्हणालो.
"माणूससुद्धा," गुलाबभाई म्हणाले,
आणि फडक्याने उगाच काउंटर पुसत राहिले.

मग कोपऱ्यातून एक काढला,
नाव कुणी न ऐकलेलं,
जन्म गेल्याच महिन्यातला.
अंगठा दाबला: उन्हात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखा.
"पाच-सहा शर्यतींत संपेल हा."
"संपू दे," कस्तुरी म्हणाली,
एवढ्या सहज, की पैसे मीच मोजले.

माझा बाप चाकणच्या बाजारात बैलांना पत्र्या ठोकायचा.
घाटात पळणारा बैल आणला कुणी
तर हातोडी खाली ठेवायचा.
याला लोखंड नको, म्हणायचा.
याच्या खुराला माती कळू दे.

ते वाक्य मी भोसरीच्या गॅरेजमध्ये
रात्री टायर चढवताना तिला सांगितलं.
तिने ऐकलं की नाही, देव जाणे,
हवा मात्र अठ्ठावीसच भरून ठेवली होती तिने.
अठ्ठेचाळीस किलोची पोरगी
आणि अठ्ठावीस पौंड हवा!
तुझ्याखाली हा टायर बसणारच नाही, म्हटलं,
नुसता टेकेल. मग गरागरा फिरेल जागच्या जागी
रागावलेल्या माणसासारखा.
सोड हवा.
चोवीस. बावीस.
सूं आवाज होत राहिला, ती माझ्याकडे बघत राहिली.
अठराला मी हात वर केला.

शिरूरच्या पलीकडची धावपट्टी.
सकाळी आठचं काँक्रीट, अजून थंडगार.
पाणी ओतलं, तिने पुढचा ब्रेक धरून चाक फिरवलं.
पांढरा धूर, जळका गोडसर वास.
बास, बास, मी ओरडलो, भाजायचं नाही, तापवायचंय.

हिरवा दिवा.
यावेळी आधी किंचाळी आली नाही.
मागचं चाक खाली दबलं,
जमिनीशी काहीतरी कुजबुजलं,
आणि गाडी गेली.
घाटाच्या वर घड्याळ धरून उभे असलेले म्हातारे
जसे भिर्रर्र म्हणायचे
तसं माझ्या तोंडून निघून गेलं,
शेजारचा पोरगा दचकला.

दोन पूर्णांक एकवीसवर अडकलेले साठ फूट
एक पूर्णांक त्र्याण्णव.
शर्यत ती हरलीच, शेवटच्या टोकाला,
एका तळेगावच्या मुलाकडून, मोठ्या इंजिनाच्या.
तिने चिठ्ठीवरचा खालचा आकडा घडी घालून झाकला
आणि वरचा तेवढा मला पुन्हा पुन्हा दाखवला.

परतताना टेम्पोत
ती गाडीला टेकून बसली, एक हात टायरवर.
स्क्रू ड्रायव्हरने खडे काढत होती एकेक.
"अजून कोमट आहे," म्हणाली.
बाहेर वाघोली. हॉर्न, धूळ, उसाच्या रसाचे घुंगरू.
पुढचे साठ फूट जायला
आम्हाला वीस मिनिटं लागली.