अडथळा क्रमांक सतरा

कन्हान ओलांडली की दीड किलोमीटर,
डाव्या हाताला टायरचं दुकान, त्याच्या अलीकडे क्रूस.
नकाशावर मी त्याच्याभोवती लाल शाईनं गोल केला
आणि बाजूला लिहिलं: अडथळा क्र. १७.
सोळा नंबरला कडुनिंब होता, अठराला हापसा.

उंची सव्वासात फूट. दगड सिलेवाड्याचा,
गेरूत ताक सांडल्यासारखा रंग.
टेपचं दुसरं टोक धरायला सवरीमुत्तू आले.
त्यांचे पणजोबा कामठीच्या छावणीत घोड्यांना नाल ठोकायचे.
हे देवाशी तामिळ बोलतात, बाकी सगळ्यांशी नागपुरी.
"मोजा भाऊ. मोजल्यानं काई कमी नाई होत तो."

मे महिना. इथं मेणबत्ती पेटवावी लागत नाही,
दुपारी बारालाच ती मान टाकते.
म्हणून ही माणसं पणती लावतात, जवसाच्या तेलाची,
आणि संत्र्यांचे ट्रकवाले, कुठल्याही देवाचे असोत,
इथं हॉर्न एकदाच वाजवतात, हळू.

कोरीवकाम मी कधी नीट पाहिलं नव्हतं,
कागदासाठी पाहावं लागलं.
शिडी, पक्कड, हातोडा, तीन खिळे, कोंबडा.
"ही सारी त्याले माराची अवजारं," सवरीमुत्तू म्हणाले,
"कोंबडा तेवढा साक्षीदार."
पण हातोडा सुताराचा नाही.
दांडा आखूड, डोकं दोन्ही अंगांनी झिजलेलं,
पाथरवटाचा.
खिळे म्हणून जे आहेत त्या छिन्न्या.
ज्यानं आयुष्यात क्रूस पाहिला नव्हता
त्यानं पाद्र्याला विचारलं असेल, कशानं मारलं?
पाद्री म्हणाला असेल, हातोड्यानं,
आणि हा थोडा वेळ
स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला असेल.

मंगळवारी क्रेन आली.
चालक झनकलाल, चप्पल खाली काढून वर चढला.
सवरीमुत्तूंच्या बहिणीनं, आरोग्यम्मानं,
पट्ट्याखाली जुन्या गोधड्या गुंडाळल्या,
आजारी माणसाला खाटेवरून उचलताना घालतात तशा.
"हळू बाप्पा, हळू. त्याले सवय नाई उठाची."

जमिनीतून आणखी सव्वादोन फूट निघाला.
आणि तिथं, जिथं कुणी बघणार नव्हतं,
तीन कोंबडे.
पहिल्याला मोराची मान.
दुसरा बदकाच्या वळणावर गेलेला.
तिसऱ्याचा तुरा जमलाय, पाय राहिलेत.
चौथा तर वर होताच, इतकी वर्षं उन्हात आरवत.
शेजारी रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
आठ जुड्या आणि एक सुटी.
मी हजेरीपट भरणारा माणूस,
मला कुणाला विचारावं लागलं नाही.

नाव नव्हतं.
आरोग्यम्मानं रेघा बोटानं मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"मंग याले पैसे भेटले का?"
विचारलं मला,
जणू ते रजिस्टर माझ्याच कपाटात होतं.

अकरा फूट मागे नवा खड्डा तयार.
ठेकेदार म्हणाला, कोंबडे वर राहू द्या,
चौथरा उंच करू, लाइट लावू, लोक बघायला येतील.
सवरीमुत्तूंनी गोधडीची गाठ सोडली, परत बांधली.
"त्याच्या चुका आहेत ना त्या. त्यानं गाडल्या.
आपण काहून उकरून दाखवाच्या?"
मी फोन खिशात ठेवला.
खरं सांगायचं तर एक फोटो तोवर काढून झाला होता.

काँक्रीट ओतलं. क्रूस किंचित उत्तरेकडे कलला,
माझ्याच चुकीनं; साडेतीन अंश.
आता संध्याकाळी त्याची सावली
टायरच्या ढिगावर पडते,
आणि दुकानदार म्हणतो, बरं झालं, सावली तर आली.

अहवालात सतरासमोर लिहिलं: हलवला, सुस्थितीत.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मजूर एक, दिवस एक्केचाळीस, हजेरी तपासली.
वरून फाइल परत आली.
साहेबांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल केलाय,
हा मजूर कुठल्या कामावरचा? खुलासा करावा.

फाइल टेबलावर आहे.
खुलासा अजून केलेला नाही.