बारीक आस

आधीच्या तिघांनी तिला आडवं करून तपासलं होतं.
तिघांच्याही हाती काही लागलं नाही.
एकाने गॅस लिहिला, एकाने वय,
तिसऱ्याचं अक्षर सुवाच्य : 'मानसिक'.

मथुरा खवणेकर. दांडी, मालवण. सत्तावन्न.
"निजलंय काय जाता, उभी रवलंय काय येता.
गाठ न्हय ती, बाय. मासो आसा.
कातडेखाली वळवळता."

मीही तिला आडवंच केलं.
बेंबीच्या खाली, डावीकडे, चार बोटं दाबली :
ओहोटीनंतरची पुळण. मऊ, गप्प.
मीही पेन उघडलंच होतं.

मग दाराबाहेर तिची पाटी दिसली,
बांगड्यांची, वर सागाची पानं.
नर्स नाकाला पदर लावून लांब उभी.
"ती उचला," मी म्हटलं.
"हय? दवाखान्यात?"
"इथेच."

तिने चुंबळ नीट केली, गुडघे वाकवले,
श्वास कोंडला,
आणि पाटी डोक्यावर जाता जाता
माझ्या तळहाताखाली तो आला.
लिंबाएवढा.
तीस वर्षं रोज पहाटे ती या क्षणातून गेली,
तेव्हा तिथे कुणाचा हात नव्हता.

मंगळवारी घेतली. वीज गेली नाही.
कातडी, चरबी, मग तो बाहेरचा पडदा,
अखंड, चकचकीत,
आत काही नाही असं शपथेवर सांगणारा.
त्याच्याच धाग्यांच्या दिशेने चीर दिली
आणि खाली, स्नायूच्या कडेला, भोक :
पाच रुपयांच्या नाण्याएवढं, काठ करकरीत.
त्यातून पिवळी चरबी, आणि तिच्याआड
आतड्याचं एक वळण. गुलाबी अजून.
भूलवाले डॉक्टर देसकर उठून बघायला आले,
बावीस वर्षांत त्यांनी हे एकदाच पाहिलं होतं.

आतलं आत लोटलं. भोक शिवलं.
नुसत्या शिवणीवर भरवसा नसतो,
म्हणून जाळी पसरली,
भोकाच्या चहूबाजूंनी चांगली ऐसपैस.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं,
"जाळी घातलंस मां? आस कितकी?"
मला माहीत नव्हतं.
रिकामं पाकीट शोधून आणलं : दीड मिलिमीटर.
ती टाक्यांवर हात दाबून हसली.
"इतकी बारीक? आमका सरकार दंड करीत.
पिल्लां मरतत असल्या जाळ्यात."

मी म्हटलं, तीन महिने पाटी नाही,
हंडा नाही, नातू उचलायचा नाही.
तेव्हा ती बंदराकडे बघत राहिली.
लिलाव सुरू झाला असावा, आवाज येत होते.
"नातू पण घेवचो नाय?"
"मांडीवर. बसून."

रात्री तिचे कागद लावायला घेतले.
'मानसिक'वाली चिठ्ठी फाडणार होते.
मग तीच सगळ्यात वर टाचली
आणि खाली लिहिलं :
रुग्णाला उभं करून तपासा.
जमल्यास ओझ्यासकट.