रकाना सात

फॉर्ममधला सातवा रकाना विचारतो:
कल्पना कोणाला सुचली, कधी, कुठे.
दोनशे अक्षरांत.
आधीच्या सहांत आम्ही चौघं व्यवस्थित मावलो होतो,
आशय बोकडे, फिरदौस, नंदनवार जुळ्यांपैकी धाकटा आणि मी.

मिहानमधला चौथा मजला, मे महिना.
बाहेर रात्री अकरालाही डांबर मऊ,
आत एसी अठरावर, रिमोट ॲडमिनच्या कपाटात,
आणि आम्ही ओढण्या-टॉवेल पांघरून
कूलरवर काम करत होतो.
स्पर्धेचं घोषवाक्य होतं ‘चौकटीबाहेर’.
टी-शर्ट सगळ्यांना एकाच मापाचे.

आमच्या पाचपावलीच्या घरचा कूलर लोखंडी,
वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीशी स्टुलावर टेकलेला.
त्याचं पाणी रात्री तीनला संपतं.
मग बाबा उठतात. बादली, अंधार, पाच खेपा.
लाइट लावत नाहीत, माझी झोप मोडेल म्हणून.
मी जागीच असते.
हे त्यांना कधी सांगितलं नाही,
त्याऐवजी टाकी रिकामी व्हायच्या आत फोन वाजवणारं
यंत्र करायला घेतलं.

सीताबर्डीहून दोनशेचा पंप, पँट्रीतली निळी बादली,
आणि एक तरंगता सेन्सर, जो चारदा अडकला,
पाचव्यांदा बुडाला.
फिरदौस म्हणाली, कोड बरोबर आहे, पाणी चुकतंय.

तीन वाजता पंचफुलाबाई पोछा घेऊन आल्या.
“काऊन वो, यवढं पानी सांडून राह्यल्या?”
सांगितलं.
पोछा पिळता पिळता त्या म्हणाल्या,
“पानी सराले आलं का पंपाचा गळा बसते ना.
आमाले तं झोपीतच समजते.
तुमच्या मोबाइलले कान नाही काय?”

आशय हसला.
मग हसायचा थांबला.

तारा उपटल्या. फोन बादलीपाशी उपडा ठेवला
आणि पहाटेपर्यंत पंपाचे आवाज साठवले,
भरल्या पोटाचा, अर्ध्याचा,
शेवटचा तो कोरडा, घरघरता.
सहाला फोननं पहिल्यांदा बरोबर ओळखलं.
नंदनवार खुर्चीवर चढून नाचला.
पंचफुलाबाईंची पाळी पाचलाच सुटली होती.

आमचा दुसरा नंबर. चौघांना चार स्पीकर.
पहिला नंबर आला त्या ॲपचा,
जे मोजतं कोण खुर्चीवरून किती वेळा उठलं.

सोमवारी सातव्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं.
आडनाव माहीत नव्हतं,
गेटवरच्या रजिस्टरात सापडलं: नेवारे.
फॉर्मनं ओळख क्रमांक मागितला.
त्यांचा क्रमांक कंत्राटदाराचा, टाकताच चौकट लाल:
‘ही व्यक्ती सापडत नाही.’
व्यक्ती चार हातांवर काच पुसत होती.
“टाक ना तुझंच नाव,” आशय म्हणाला,
“कायले डोकं लावून राहिली?”

मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

काल रात्री तीनला उशाशी फोन वाजला.
धडपडत उठले, तर बाबा आधीच
बादली घेऊन दारात.
“आवाज बसला होता पंपाचा,” ते म्हणाले,
जसं काही हे कोणालाही ऐकू येतं.
मी दुसरी बादली उचलली.
माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, “लाव लाइट.”