ना काना, ना मात्रा

ताकुआरेम्बो, जुलै. गवतावर दहिवर गोठलेलं.
लोकर संघाच्या कचेरीत हीटरला पाय चिकटवून
मी तीच पंचवीस अक्षरं
चौथ्यांदा टाइप करते आहे.
पाच-पाचांचे पाच गठ्ठे, मधे आडव्या रेघा,
गासडीवर दोरी आवळावी तशा.

मशीन म्हणतं, ही किल्ली चालणार नाही.
आणि खाली चुकीचं नाव सांगतं:
शून्य एक्स सी शून्य शून्य चार एफ शून्य पाच शून्य.
चुकीला इतकं लांबलचक नाव
आमच्याकडे फक्त बड्या घरच्या घोड्यांना असतं.

मोंतेविदेओचा निरोप आहे: प्रो आवृत्ती हवी.
तुमची होम आहे,
होम आमच्या जाळ्यात येत नाही.
होम म्हणजे घर, यामांदू म्हणाला,
तेहतीस वर्षं लोकर निवडून खरखरीत झालेल्या बोटांत
येर्बाचा तुंबा धरून.
घरातलं काही कचेरीत चालत नाही, एवढंच ना?
एवढंच.

किल्ली विकत घेतलेली आहे, पावतीही आहे.
खोका मात्र कुणीतरी शेकोटीत घातला.
उरलं ते दोन्या एल्बियाच्या जमाखर्चाच्या वहीत,
शेवटच्या पानावर, मेंढ्यांच्या जंतांच्या औषधाखाली,
निळ्या शाईत,
आणि त्यावर तुंब्याचा तपकिरी गोल डाग.

मी आठचा बी केला.
बीचा आठ.
सहाकडे बघून जी म्हटलं, जीकडे बघून सहा.
मशीन मान हलवतं, नाही म्हणतं,
पुन्हा तीच सगळी शून्यं माझ्या पदरात.

मग रिवेराच्या रात्रशाळेतला मास्तर आठवला,
खडूने हात पांढरे, आवाज बसलेला:
या किल्ल्यांत स्वर नसतात, पोरींनो.
ना काना, ना मात्रा, ना वेलांटी.
चुकूनसुद्धा शब्द होऊ नये, शिवी होऊ नये,
कुणाच्या आईचं नाव होऊ नये.
आणि शून्य नसतं. एकही नसतो.

शून्य नसतं.
मग तिसऱ्या गठ्ठ्यात, डागाच्या कडेला,
हे गोल गरगरीत काय बसलंय?

फोन लावला. मागे कोंबड्या.
एल्बिया म्हणाली, थांब, चष्मा.
म्हटलं, चष्मा कशाला, वही तर माझ्याकडे आहे.
म्हणाली, चष्म्याशिवाय मला आठवत नाही.
मी डावी-उजवीकडची अक्षरं सांगितली.
ती गप्प.
एक कोंबडा आरवला, भर दुपारी.
क्यू, ती म्हणाली. केब्राचोचा क्यू.
माझ्या गावाचं पहिलं अक्षर
मी शून्यासारखं काढीन होय?
शेपूट शोध.

पान खिडकीशी धरलं.
डागाखाली होतं शेपूट,
केसाएवढं, निळं.

तरी मशीन अडलं. आता नवी चूक, नवं नाव.
मग केबल ओढून काढली, जगाशी संबंध तोडला,
आणि कंपनीने चौकात टांगलेली ती किल्ली दिली
जी कुणाचीच नाही:
उंबरठा ओलांडू देते, सातबारा देत नाही.
पडदा काळा. टक्के चढले, थांबले,
चौसष्टवर इतका वेळ की यामांदूने
पाणी दुसऱ्यांदा तापवलं.
मग केबल परत आत,
आणि एल्बियाची पंचवीस अक्षरं, क्यूसकट.

सक्रिय.

यामांदू पडद्याजवळ वाकला.
तेच डोंगर, तीच चिन्हं, तोच कोपऱ्यातला पत्ता.
काहीच बदललं नाही, म्हणाला.
मी बोट ठेवलं: एका शब्दाच्या जागी दुसरा.
त्याने मान डोलवली,
कमी प्रतीची लोकर बघताना डोलवतो तशी,
आणि तुंबा माझ्याकडे केला.

संध्याकाळी फोन वाजला. एल्बिया.
किल्लीचं विचारलं नाही.
म्हणाली, त्या पानावरचं
जंतांच्या औषधाचं प्रमाण कुणाला देऊ नकोस.
तिथे एक शून्य जास्त पडलंय.